तुझ्या रानात मेंढरं बसवली आहेत

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
(पाकिटावर आधी सवयीनं औरंगाबाद लिहिलं होतं, माझ्या बद्रीनं खोडून नवं लिहिलं. पिनकोड दोन्हीचा एकच आहे, पत्र पोचेल.)

चिरंजीव त्रिंबक यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडं सगळे खुशाल आहोत. तू खुशाल नाहीस हे मला माहीत आहे, तेव्हा "तिकडील खुशाली कळवावी" वगैरे लिहून शाई वाया घालवत नाही. आशाचा फोन आला होता. म्हणाली, "आक्का, ह्ये उठंनाच झालेत. मेंढरं इकली त्या दिसापासून भिताडाकडं तोंड करून पडलेत. जेवा म्हणलं की जेवत्यात, पर बोलायचं नाव नाय." मग मी तुला फोन केला. तू उचलला नाहीस. आशानं तुझ्या कानाला लावला, तेव्हा तू "हं" म्हणालास. पुन्हा केला, पुन्हा "हं". एवढ्या एका अक्षरासाठी फोन कशाला लावायचा, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्राला "हं" म्हणून बघ, ते बंद होत नाही.

(आशा, तो पडूनच असेल आणि तू हे वाचून दाखवत असशील, तर कंसातलं मोठ्यानं वाचू नकोस. कंस तुझ्या-माझ्यात.)

तू मेंढरं विकलीस याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. गायरानाला तारेचं कुंपण पडलं, शेंद्र्याच्या अंगानं एकेक कंपनीची भिंत उभी राहत करमाडपर्यंत आली, पोरांनी काठी हातात घ्यायला नकार दिला, मग तू दुसरं काय करणार होतास? कळप बाजारात नेलास आणि मोकळ्या हातांनी घरी आलास, इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण मेंढरांबरोबर तू स्वतःलाही विकून आल्यासारखा पडून राहिलास, हे मला चालणार नाही. मी तुला उठवणार आहे. कसं ते पुढं सांगते. आधी माझं ऐक, कारण तुझी बहीण या वयात मोठ्या भानगडीत सापडली आहे.

मी सध्या मेंढरं राखते. वाळूजला, दुसऱ्या मजल्यावर, सोफ्यावर बसून. उंटावरून शेळ्या हाकणारे आपण पुष्कळ पाहिले, सोफ्यावरून मेंढरं हाकणारी मात्र आपल्या कुळात मी पहिलीच. झालं असं की बद्रीनं दिवाळीला टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेमचा डबा आणला. पोरांसाठी आणला, असं सुनेला सांगितलं. पोरं त्याला हात लावत नाहीत, त्यांना मोबाइल पुरतो. हा पोट सुटलेला, कंपनीत सुपरवायझर झालेला बाप्या पहिल्या पाळीवरून आला की पायातले बूट न काढता त्याच्यासमोर बसतो. मी आधी फार बोलले. मला वाटलं यात बंदुका असतील. शेजारच्या पोरांच्या मोबाइलमधली ठोय ठोय ऐकून माझे कान किटले आहेत. पण हे निराळंच निघालं. हिरव्यागार टेकड्या, मधून एक नदी, पवनचक्की, आणि टोपी घातलेली एक ठेंगणी मुलगी आपली चालते आहे. कुणी कुणाला मारत नाही. कड्यावरून पडलं तर धुरळा उडतो, डोक्याभोवती चिमण्या फिरतात आणि माणूस कपडे झटकून उभा राहतो. लांडगा आहे, पण तो मेंढी खात नाही. तिच्या गळ्यातली घंटा घेऊन पळतो आणि टेकडीवर बसून वाजवतो. (आपल्या आबांना असला लांडगा भेटला असता तर त्यांनी त्याला जावई करून घेतलं असतं.) डब्यावर लिहिलं आहे म्हणे, की हा खेळ तीन वर्षांपासून पुढं सगळ्यांसाठी आहे. पुढं म्हणजे कुठपर्यंत ते लिहिलेलं नाही, म्हणून मी बसले.

पहिले काही दिवस फजितीचे गेले. त्याचं एक बटणांचं यंत्र असतं, दोन्ही हातांत धरायचं. (त्याला रिमोट म्हटलं की बद्री कपाळाला हात लावतो.) एका बोटानं चालायचं आणि दुसऱ्या बोटानं बघायचं. मी चालायला गेले की आभाळ दिसायचं आणि बघायला गेले की नदीत पडायची. एक सबंध दुपार मी ढग बघत काढली. शिवाय ती मुलगी पडली की ते यंत्र हातात थरथरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मांडीवर निवडायच्या तांदळाचं सूप होतं. यंत्र थरथरलं, मी किंचाळले, आणि तांदूळ सगळ्या घरभर झाले. सून म्हणाली, "आई, या वयात कशाला?" बस, तिथंच माझं ठरलं. तुला माहीत आहे, मला कुणी "कशाला" म्हटलं की माझ्या अंगात येतं.

तिथं वेशीवर एक दाढीवाला म्हातारा उभा असतो. तो येता-जाता कामं सांगतो. अमुक दिवे शोध, कुणाची हरवलेली टोपी आण, बुरुजावर चढून झेंडा लाव. बद्री म्हणतो, त्याची कामं केल्याशिवाय गेम पुढं जात नाही. मी म्हटलं, न जाऊ दे, मला कुठं गाडी गाठायची आहे? जन्मभर लोकांनी सांगितलेली कामं केली. सासरी केली, तुझे दाजी गेल्यावर कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटल्या. आता कुणी टोपी शोधायला लावत असेल तर शोधणार नाही. आणि गंमत सांगू का, तो म्हातारा रागावत नाही. हात हलवतो आणि उभा राहतो. दुसऱ्या दिवशी जा, पुन्हा तितक्याच प्रेमानं हात हलवतो. असा मुकादम मला हयातीत भेटला नव्हता. मन मानेल तिकडं जावं, थकलं की झाडाखाली बसावं, आणि कुणी विचारू नये की बाई, तुझं इथं काय काम. मी त्यापायी त्या खेळाच्या प्रेमात पडले, हे खरं कारण. बाकी हिरवळ वगैरे नंतर.

मग एका टेकडीमागं मला मेंढरं दिसली. पांढरी, गुबगुबीत, वाट्टेल तशी पांगलेली. राखायला कुणी नाही, पुढं चालणारी शेळी नाही, आणि तिथं सांज व्हायला आलेली. मी बद्रीला हाक मारली, ही कुणाची रे? तो म्हणाला, "आई, ती नुसती शोभेला हायत." शोभेला! आबांच्या नातवाच्या तोंडून हे ऐकायचं राहिलं होतं. मी त्याला जेवायला वाढलं नाही. मी एकेक मेंढी गोळा केली. त्या मुलीला शीळ घालता येते, एक बटण दाबलं की घालते. तुझ्या शिळेपुढं ती काहीच नाही, पण मेंढरं गरीब आहेत, येतात. लाकडं गोळा करून वाडगं केलं, सगळी आत घातली, दोन-दोन करून मोजली, आणि मगच पोळ्या करायला उठले. तेव्हापासून रोज हेच चाललं आहे.

शेजारची फहमिदा तुला आठवत असेल. मुबारकभाईंची बायको, गेल्या ईदला तुला शीरखुर्मा दिला होता आणि तू वाटी चाटून पुसून परत केली होतीस. तिला मी सोबतीला घेतलं. टीव्हीचे मधोमध दोन भाग करून दोघींना खेळता येतं. ती मेंढरांकडं बघत नाही, तिला उडायचा नाद आहे. तिथं एक छत्री मिळते, ती उघडून कड्यावरून उडी मारायची आणि तरंगत खाली यायचं. फहमिदा खऱ्या जिन्यावरून कठडा धरून, देवाचं नाव घेत उतरते. आणि तिथं? भुर्रकन जाते. मी म्हटलं, अगं पडशील. तर म्हणते, "गिरे तो गिरे, राजाबाई. यहाँ कौन मरता? कपडे झटकू, फिर चढू." दोन म्हाताऱ्या दुपारी टीव्हीसमोर हसून लोळतात आणि खालच्या मजल्यावरून लोक छताला काठी मारतात.

आता जरा नीट ऐक. तिथं मला सगळ्यात आधी काय जाणवलं असेल तर भिंत नाही. जे दिसतं तिथं जाता येतं. डोंगर दिसला, चढा. पलीकडचं माळरान दिसलं, उतरा. गेट नाही, पाटी नाही, प्लॉट नंबर नाही, आणि "ए बाबा, मेंढरं हटव, साहेबाची गाडी यायची" म्हणणारा खाकीतला पोरगा नाही. मी वाळूजला आले तेव्हा या घराच्या मागं कुसळी गवत होतं आणि तू दिवाळीनंतर कळप घेऊन तिथं उतरायचास. मग एकेक कारखाना आला. मी कारखान्यांना नावं ठेवणार नाही, दाजींना नोकरी त्यांनीच दिली, बद्री त्यांच्यावरच जगतो. पण तू ज्या वर्षी आलास आणि वाडगं लावायला वीतभर जागा न मिळून चहा पिऊन परत गेलास, त्या वर्षी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

आणि त्याच्या आधीचं आठव. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला ते साल. मराठवाडा पेटला होता, एसट्या बंद होत्या, आणि इकडं सासूबाई आजारी म्हणून मला निघायचंच होतं. तू म्हणालास, "आक्का, चल. मेंढरामागं चालणाऱ्याला कोण अडवतंय?" कळप पुढं घालून तू मला रानारानानं शहरापर्यंत आणलंस. वाटेत आपण एका वस्तीतली जळलेली घरं पाहिली. आणि पुढच्या उन्हाळ्यात तू आबांना न विचारता त्या वस्तीतल्या लोकांच्या तुकड्यात मेंढरं बसवून आलास. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं आणि रानमालक सकाळी बांधावर येऊन दाणे देतो, ही आपली पिढ्यांची रीत. तू मात्र दाणे न घेताच उठलास. आबांनी काठी उगारली तर म्हणालास, "घर जळालेल्याकडून दाणं घेऊ व्हय?" त्या दिवसापासून मी तुला धाकटा मानत नाही. (तोंडावर हे कधी सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर बसला असता. आशा, हेही वाचू नकोस.)

असो. त्या रीतीनंच माझा घात केला. त्या खेळात दुसऱ्या मुलखातली खरी माणसंही येतात, आपापल्या घरी बसून खेळणारी. माझ्या टेकडीखाली अशा एकाचं रान होतं, छान नांगरलेलं. मी विचार केला, शेजारधर्म आहे, मेंढरं आपल्याकडं आहेत, बसवावीत. नेली आणि बसवली. तिथला दिवस उगवला तशी बांधावर जाऊन बसले, दाण्यांची वाट बघत. तो आला. हिरव्या टोपीचा. त्या खेळात बोलता येत नाही, लहान मुलं असतात म्हणून नुसत्या खुणा ठेवल्या आहेत: नमस्कार, टाळ्या, उडी, नाच, रडणं. तो रान बघून रडायला लागला. मला वाटलं, इतकं खत आपणहून आलं म्हणून बिचाऱ्याला भरून आलं. मी नमस्कार केला. तो आणखी रडला. मी हात पुढं केला. त्यानं उड्या मारल्या. मीही मारल्या. त्याला काय करावं सुचेना, त्यानं नाचाचं बटण दाबलं असावं, तर फहमिदानं टाळ्या वाजवल्या आणि आम्ही दोघी त्याच्याभोवती फेर धरून नाचलो. तेवढ्यात बद्री कामावरून आला आणि त्यानं टीव्हीवर बोट ठेवून दाखवलं. त्या रानात गाजरं लावलेली होती. माझ्या मेंढरांनी एक ठेवलं नव्हतं.

मी म्हटलं, गाजरं गेली तर गेली, खत तर पडलं ना? बद्री म्हणाला, पडत नाही. मला पटेना. त्रिंबक, मी पुढं कितीतरी वेळ मेंढरांच्या मागं मागं, खाली मान घालून फिरले. खरंच नाही! चरतात, चरतात, आणि पुढं काहीच नाही. एक लेंडी नाही. असलं मेंढरू देवानं घडवलेलं नाही, ते कुणीतरी फार स्वच्छ घरातल्या माणसानं घडवलं असणार. म्हणजे मी एका भल्या माणसाचं पीक खाऊन, वर त्याच्या दारात नाचले. मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फहमिदाला घेऊन त्याच्या रानात जायला लागले. (ती म्हणाली, "खाया तुम्हारे मेंढ्यों ने, और मेहनत मेरेकू?" पण आली.) गाजरं लावली, नदीवरून पाणी आणून घातलं, तण उपटलं. तो झाडाआडून बघत असायचा. मेंढरांना बघून कुंपण घालेल असं वाटलं होतं, पण घातलं नाही. गाजरं वर आली त्या दिवशी तो बांधावर आला, एक टोपली ठेवली, नमस्कार केला आणि गेला. टोपलीत मुळे होते. मुळे तर मुळे. बांधावर आणून दिले, रीत पाळली गेली. मी पदरानं डोळे पुसले आणि सून म्हणाली, आई, तो टीव्ही आहे.

मग मी ठरवलं, हा मुलूख संपतो कुठं ते बघायचंच. बद्री म्हणाला, शेवटी कुठंतरी अडवतातच. मीही मनात धरून होते, की शेवटी भिंत असणार, भिंतीवर काचा असणार. कळप घेऊन निघाले. फहमिदा वरून छत्रीनं. डोंगर झाला, बर्फ झालं, (मेंढरं कुडकुडतात, त्यांना आगीजवळ घ्यावं लागतं, हे मी न सांगता केलं,) आणि शेवटी समुद्र लागला. मी तशीच पाण्यात शिरले. तर एक लाट येते, तुम्हाला उचलते, आणि हलकेच आणून वाळूवर ठेवते. बस. गार्डानं दंडाला धरून बाहेर काढणं वेगळं आणि हे वेगळं. मेंढरं काठावर बसली, मी बसले, फहमिदाही छत्री मिटून शेजारी बसली. मला तेव्हा तुझी फार आठवण आली. हे बघायला तू पाहिजे होतास. मला बटणंही नीट दाबता येत नाहीत. एवढं रान मोकळं पडलं आहे आणि आपल्या घरातला खरा मेंढका भिताडाकडं तोंड करून पडला आहे.

मला कळतं की ही खरी मेंढरं नव्हेत. अंगाला वास नाही, लोकर हाताला लागत नाही, लेंडीचं तर सांगितलंच. तुझं गेलेलं यानं भरून येईल असं म्हणायला मी काही खुळी नाही. पण चालायची सवय मोडली की माणूस मोडतो, एवढं मला कळतं, आणि तुला मोडू द्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. तू चिडलास तरी चालेल. चिडायला उठून बसावं लागतं.

आशाला आशीर्वाद, पोरांना गोड पापा. पथ्यपाणी सांभाळ आणि तंबाखू कमी कर.

तुझी आक्का,
राजाबाई

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टरांनी टीव्हीकडं बघायचं नाही असं बजावलं आहे. मग मेंढरं कुणी राखायची? रोज सांजेला वाडग्यात घातली नाहीत तर पांगतात. फहमिदा फाटक उघडं टाकून उडायला जाते आणि बद्रीला ती शोभेची वाटतात. तुझ्याशिवाय माझं कुणी नाही. बद्री रविवारी तो डबा घेऊन तुझ्याकडं येतो आहे, टीव्हीला जोडून देईल. त्याच्यावर डाफरू नकोस, मी पाठवलं आहे.

ता. क. दुसरा. (आशा, हे मुळीच वाचू नकोस. मोतीबिंदू कच्चा आहे, डॉक्टरांनी इतक्यात काही करायचं नाही म्हणून सांगितलं आहे. पण त्याला बहिणीच्या डोळ्याचं म्हटल्याशिवाय तो हलायचा नाही.)

ता. क. तिसरा. त्रिंबक, हा वरचा कंस तू स्वतः वाचला आहेस. आपलं पत्र दुसऱ्यानं वाचलेलं तुला लहानपणापासून खपत नाही, पहिल्या कंसाला आशा अडखळली तेव्हाच तू तिच्या हातातून कागद ओढला असणार. आणि तुझ्या त्या भिंतीपाशी उजेड नसतो, म्हणजे एव्हाना तू अंगणात आला आहेस. बरं झालं. आता पुढचं. नदीच्या वळणाला एक तुकडा मी तुझ्या नावानं नांगरून ठेवला आहे आणि सगळी मेंढरं आजपासून तिथं बसवली आहेत. डबा तुझ्याकडं गेला तरी हरकत नाही, फहमिदानं मुबारकभाईंच्या मागं लागून स्वतःचा मागवला आहे, मी तिच्या घरून येते. मी तुझ्या बांधावर बसून आहे. तू तेव्हा दाणे न घेता उठलास. मी तशी उठणार नाही. रानमालकानं सकाळी यायचं असतं.